एस्पोझितो : बाहेर ठेवलेल्यांचं आडनाव

इटालियन आडनावांवर बोलायचं म्हटलं की सुरुवात 'रोस्सी'पासून करायची रीत आहे. रोस्सी म्हणजे तांबडा. कुणातरी पूर्वजाचे केस किंवा दाढी तांबूस होती, त्यावरून पडलेलं नाव. तेच दक्षिणेत 'रूस्सो' होतं. मग 'फेर्रारी' येतं, म्हणजे लोहार. 'बियांकी' म्हणजे गोरा किंवा पांढऱ्या केसांचा. 'दी जोव्हान्नी' म्हणजे जोव्हान्नीचा मुलगा. म्हणजे शरीराची खूण, धंदा, गाव, नाहीतर बापाचं नाव. आपल्याकडे 'कर' लावून गाव सांगतात, 'लोहार', 'सुतार' म्हणून धंदा सांगतात, त्यामुळे हे सगळं समजायला आपल्याला काही जड जात नाही.

पण इटलीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांची यादी काढली, की पहिल्या पाचांत या सगळ्यांच्या बरोबरीने एक वेगळंच आडनाव बसलेलं दिसतं. एस्पोझितो. नेपल्स शहरात आणि त्याच्या काम्पानिया प्रांतात तर ते पहिल्याच क्रमांकावर आहे. हे आडनाव ना गाव सांगतं, ना धंदा, ना बाप. खरं म्हणजे बापाविषयी काही सांगता येत नाही, एवढंच ते सांगतं. आज आपण या एकाच आडनावाकडे बघणार आहोत.

आधी शब्द बघू. लॅटिनमध्ये 'एक्स्पोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणं. त्याचं भूतकाळवाचक धातुसाधित 'एक्स्पोझितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला. त्यावरून आलं एस्पोझितो. उच्चार करताना जोर 'पो'वर द्यायचा. अमेरिकेत तो जोर पुढे सरकला आणि तिकडे 'एस्पोसीटो' म्हणतात. नेपल्सच्या माणसाला ते ऐकताना जरा कसंतरीच होतं. तर, बाहेर ठेवलेला. कोण? नुकतं जन्मलेलं मूल. आणि बाहेर म्हणजे कुठे? बहुतेक वेळा एका भिंतीत.

या भिंतीपाशी आपण थोडं थांबू.

नेपल्समध्ये फोर्चेल्ला नावाचा जुना, दाट वस्तीचा भाग आहे. तिथे 'सांता कासा देल्लान्नुन्झियाता' ही संस्था चौदाव्या शतकापासून आहे. चर्च, रुग्णालय, टाकलेल्या मुलांचं घर, असं सगळं एकात एक. १७५७ साली लागलेल्या आगीत चर्च जळालं आणि ते पुन्हा उभारायचं काम लुइजी व्हानव्हितेल्ली या त्या काळच्या मोठ्या वास्तुरचनाकाराकडे गेलं, यावरून संस्थेचं शहरातलं वजन लक्षात येईल. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक भोक होतं आणि त्यात एक लाकडी पिंप उभं बसवलेलं होतं. पिंपाला एका बाजूने उघडं तोंड. रस्त्यावरून आलेली बाई त्यात मूल ठेवायची आणि पिंप फिरवायची. तोंड आतल्या बाजूला गेलं की मूल आत. घंटा वाजायची, आत रात्रंदिवस बसलेली बाई मूल उचलून घ्यायची. बाहेरच्या बाईचा चेहरा आतल्या बाईला दिसत नाही, आतलीचा बाहेरचीला दिसत नाही. या यंत्राला इटालियनमध्ये 'रुओता' म्हणतात, म्हणजे चाक. ते भोक इतकं लहान ठेवलेलं होतं, की फक्त तान्हं मूल मावेल. तरीही थोडी मोठी मुलं अंगाला तेल चोपडून त्यातून ढकलली जायची, असं नेपल्समध्ये सांगतात.

आत आल्यावर मुलाला धुऊन-पुसून त्याचा बाप्तिस्मा व्हायचा आणि नोंदवहीत नोंद व्हायची: कुठल्या दिवशी, किती वाजता, अंदाजे वय किती, अंगावर कपडा कसला, सोबत काही खूण किंवा चिठ्ठी होती का. गळ्यात शिशाची एक मुद्रा बांधत, म्हणजे हे मूल अन्नुन्झियाताचं. या मुलांना शहरात 'माडोनाची लेकरं' म्हणत. आणि आडनावाच्या रकान्यात एकच शब्द: एस्पोझितो.

आता हा आडनावाचा रकाना का भरायचा, हेही बघितलं पाहिजे. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेने, १५६३ साली, चर्चमधल्या नोंदी पद्धतशीर ठेवायचा आग्रह धरला. कोण कुणाशी लग्न करतोय, त्यांच्यात नातं तर नाही ना, हे चर्चला कळायला हवं होतं. त्यामुळे इटलीत आधीपासून रुळत असलेली आडनावं आता वहीत बसली, आणि वहीत बसलेलं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ लागलं. लोहाराचा मुलगा शिंपी झाला तरी फेर्रारीच राहिला. तसंच, टाकलेल्या मुलाला पुढे घर मिळालं, काम मिळालं, लग्न झालं, मुलंबाळं झाली, तरी तो एस्पोझितोच. त्याची मुलं, जी स्वतःच्या आईबापांच्या घरात जन्मली, ज्यांना कुणी कुठे ठेवलं नव्हतं, तीही एस्पोझितो. अवस्थेचं वर्णन म्हणून लिहिलेला शब्द कुळाचं नाव होऊन बसला.

इथे एक गैरसमज दूर करून पुढे जाऊ. टाकलेलं मूल म्हणजे अनौरस मूल, असं लोक धरून चालतात. पुष्कळदा ते खरं होतंही. अविवाहित आईने मूल स्वतःजवळ ठेवणं ही घराण्याच्या अब्रूची गोष्ट समजली जाई, आणि मूल चाकात जावं यासाठी तिच्यावर घरचा, चर्चचा, काही ठिकाणी सुइणींमार्फत सरकारचासुद्धा दबाव असे. डेव्हिड कर्ट्झर या अमेरिकन इतिहासकाराने १९९३ साली यावर एक महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. पण मिलान आणि फ्लोरेन्सच्या नोंदी बघितल्या तर लग्न झालेल्या गरीब जोडप्यांचीही खूप मुलं चाकात येत होती. घरात आधीच चार तोंडं, आईला दूध नाही, कामाला गेल्याशिवाय भागत नाही. यातले काही आईबाप दोन-चार वर्षांनी दिवस बरे आले की मूल परत न्यायला येत. म्हणून तर मुलासोबत खूण ठेवायची. फ्लोरेन्सच्या संग्रहालयात अशा खुणा मांडलेल्या आहेत: अर्धवट तोडलेली पदकं, एखादा मणी, चिंधी. पदकाचा एक अर्धा भाग मुलाबरोबर, दुसरा आईकडे. दोन तुकडे जुळले की ओळख पटली. तेव्हा 'बाहेर ठेवलेला' हा शब्द फक्त ठेवण्याविषयी बोलतो. कुणी ठेवलं आणि का, ते त्यात नाही.

फ्लोरेन्सचं नाव निघालंच आहे तर बाकीच्या शहरांकडेही एक नजर टाकू, कारण खरी मजा तुलनेत आहे. फ्लोरेन्सचं 'स्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पापांचं रुग्णालय, १४१९ साली सुरू झालेलं बांधकाम, आराखडा ब्रुनेल्लेस्कीचा. कलेच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी त्याच्या कमानींवरची निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळं पाहिली असतील, ती आंद्रेआ देल्ला रोब्बियाची. १४४५ साली ५ फेब्रुवारीला तिथे पहिली मुलगी आली. तो दिवस संत आगाताचा, म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं. इथल्या मुलांना मिळालेलं आडनाव इन्नोचेन्ती, किंवा देल्यिन्नोचेन्ती, आणि ते आजही तोस्काना प्रांतात भरपूर दिसतं. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हावर कबुतर होतं, कबुतर म्हणजे 'कोलोम्बा', म्हणून तिथल्या मुलांना कोलोम्बो. लोंबार्दियात कोलोम्बो आजही अगदी पुढच्या रांगेत आहे. रोममध्ये 'प्रोयेत्ती', म्हणजे फेकलेले. रोमचे लाडके नट जीजी प्रोयेत्ती यांचं आडनाव तेच. बोलोन्यात 'देल्यी एस्पोस्ती'. सिसिलीत 'त्रोव्हातो', म्हणजे सापडलेला.

बाहेर ठेवलेला, फेकलेला, सापडलेला, निष्पाप. एकाच मुलाकडे चार शहरांनी कसं बघितलं, ते या शब्दांत दिसतं. आम्हाला विचाराल तर यात सिसिलीने निवडलेला शब्द सर्वांत भला आहे. तो मूल कुणी टाकलं ते न सांगता कुणालातरी ते मिळालं, एवढंच सांगतो.

अर्थात प्रत्येक कोलोम्बोच्या मागे रुग्णालय आहे असं समजू नका. कबुतरं पाळणारा, किंवा कोलोम्बो हे पहिलं नाव असलेला पूर्वज, यावरूनही ते आडनाव पडलं आहे. अमेरिकेला पोचलेला जिनोव्हाचा क्रिस्तोफोरो कोलोम्बो विणकराच्या घरातला होता, त्याचा मिलानच्या रुग्णालयाशी काही संबंध नाही. एस्पोझितोचं तसं नाही. त्या शब्दाला दुसरा अर्थ जवळजवळ नाहीच. फक्त प्रत्येक एस्पोझितो नेपल्सच्या त्या एकाच चाकातून आला असंही नाही. दक्षिणेच्या राज्यात गावोगावी चाकं होती आणि तिथेही हेच आडनाव वापरलं जाई.

आता लोकसंख्येचा प्रश्न. एखादं आडनाव इतकं कसं वाढतं? साधारणपणे एक मूळपुरुष, त्याला मुलगे, त्यांना मुलगे. रोस्सीसारख्या आडनावाचे मूळपुरुष शेकडो, कारण तांबड्या केसांचे लोक गावोगावी. एस्पोझितोमध्ये मात्र नवा मूळपुरुष रोज, कधी दिवसाला अनेक, घंटा वाजवून आत येत होता. शतकानुशतकं. खरं तर हे पाहिल्यावर उलटा प्रश्न पडायला हवा: मग एस्पोझितो याहून कितीतरी जास्त का नाहीत?

त्याचं उत्तर फार वाईट आहे. यातली बहुतेक मुलं जगतच नसत. एका छताखाली शेकडो तान्ही मुलं, दूध पाजणाऱ्या दाया मोजक्या, एकीच्या अंगावर दोन-तीन पोरं, उकळून बाटली वापरण्याचं ज्ञान अजून यायचं होतं. जन्मतारखेच्या नोंदीपासून काही आठवड्यांवर मृत्यूची नोंद. ज्यांना लवकर बाहेरगावच्या दाईकडे पाठवलं त्यांची जगण्याची शक्यता जास्त. खेड्यातली बाई पैसे घेऊन मूल वाढवायची, आणि काही मुलं त्याच घरात, त्याच गावात राहून मोठी व्हायची. एस्पोझितो हे आडनाव शहराच्या भिंतीत जन्मून आसपासच्या खेड्यांत पसरलं ते या वाटेने.

मुलींचं आणखी वेगळं. जगलेल्या मुलींना संस्था मोठ्या होईपर्यंत आत ठेवायची आणि लग्नाच्या वेळी हुंडा द्यायची. त्या लग्न करून गेल्या, पण आडनाव त्यांच्याबरोबर संपलं. इटलीत बाई लग्नानंतर स्वतःचं आडनाव ठेवते, हे खरं; मुलांना मात्र आपोआप बापाचंच लागायचं, ते थेट २०२२ पर्यंत, जेव्हा घटना न्यायालयाने तो नियम रद्द केला. म्हणजे आज जे एस्पोझितो दिसतात ते चाकातून आलेल्या, जगलेल्या, मुलगे झालेल्या पुरुषांचे वंशज. आत आलेल्या सगळ्यांचा तो एक लहानसा अंश.

आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय? काहीच नाही. हा मुद्दा आम्हाला या सगळ्या विषयातला गाभा वाटतो. १८७५ साली चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने एक युक्ती काढली: एकाच आडनावाच्या वधूवरांची लग्नं मोजायची आणि त्यावरून समाजात चुलत भावंडांची लग्नं किती होतात याचा अंदाज बांधायचा. त्याला यात रस असायचं कारण घरचंच होतं, त्याचे आईवडील सख्खी आतेमामे भावंडं होती. पुढे जनुकशास्त्रज्ञांनी ही पद्धत खूप वापरली. पण तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की समान आडनाव म्हणजे कधीतरी समान पूर्वज. नेपल्समध्ये एस्पोझितोचं लग्न एस्पोझितोशी झालं, तर या हिशेबाने ती भावंडं ठरतील, आणि प्रत्यक्षात रक्ताचा थेंबभरही संबंध नसेल. इटलीत रक्तसंबंधातल्या लग्नांवर मोठं काम करणारे लुइजी लुका कावाल्ली-स्फोर्झा आणि त्यांचे सहकारी यांनी म्हणूनच चर्चच्या परवान्यांचा आधार घेतला. नात्यात लग्न करायचं तर चर्चची खास परवानगी लागे, तिथे खरं नातं लिहिलेलं असे.

उलटीही गोष्ट खरी आहे, आणि ती जास्त अडचणीची. एकाच आईने दोन वर्षांच्या अंतराने दोन मुलं चाकात ठेवली, तर ती दोघं सख्खी भावंडं असूनही वहीत दोन परके एस्पोझितो.

हे आडनाव म्हणजे कपाळावरचा शिक्का आहे हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. नेपल्सच्या गादीवर १८०८ ते १८१५ नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा होता. त्याच्या राजवटीत टाकलेल्या मुलांना एस्पोझितो हे आडनाव द्यायला बंदी आली. मिलाननेही १८२५ मध्ये कोलोम्बो देणं थांबवलं. मग अधिकारी आडनावं बनवू लागले. महिन्यावरून, संतावरून, हवामानावरून, फुलावरून, नाहीतर ठरलेल्या अक्षराने सुरू होणारं काहीही. हेतू चांगलाच होता. परिणाम असा झाला, की १८१५ पूर्वीच्या मुलांचे वंशज एका ठळक नावाखाली एकत्र दिसतात, आणि त्यानंतरच्या हजारोंचे वंशज शेकडो विरळ नावांत विरघळून गेले. आज इटलीत एखाद्याचं सुंदर, दुर्मीळ, फुलाचं आडनाव असतं, आपण कुठल्यातरी जुन्या घराण्यातले असू असं त्याला वाटत असतं, आणि त्याचा खापरपणजोबा चाकातून आलेला असतो.

चाकं मात्र बंदीनंतरही बराच काळ फिरत राहिली. फेर्रारा शहराने १८६७ मध्ये पहिल्यांदा ते बंद केलं, दुसऱ्या वर्षी मिलानने. नेपल्स आणि फ्लोरेन्सची १८७५ मध्ये बंद झाली. कायद्याने देशभरातली पद्धत संपली ती १९२३ साली. तोवर एस्पोझितो नेपल्सच्या बंदरातून जहाजात बसून जगभर गेले होते. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत 'एक्स्पोझितो' असं त्याचं भावंडही आधीपासून होतं, कारण तिथेही तीच पद्धत. कॅनडातले फिल आणि टोनी हे दोघे हॉकीपटू भाऊ एस्पोझितो. 'ब्रेकिंग बॅड'मधला थंड डोक्याचा गस फ्रिंग तुम्ही पाहिला असेल; ते नट जानकार्लो एस्पोझितो, वडील नेपल्सचे. १८८९ मध्ये राणी मार्गेरितासाठी तीन रंगांचा पिझ्झा केला असं ज्याच्याविषयी सांगतात तो भटारी रफाएले एस्पोझितो. त्या पिझ्झ्याच्या कथेवर इतिहासकार शंका घेतात, आडनावावर कुणी घेत नाही.

आज नेपल्समध्ये कुणाला एस्पोझितो असण्याची लाज वाटत नाही. शहरात इतके एस्पोझितो आहेत, की शिक्का पुसून गेला. पण चाकाने उभा केलेला प्रश्न गेलेला नाही. इटलीत आजही बाई रुग्णालयात नाव न देता बाळंत होऊ शकते. मुलाचं नाव आणि आडनाव मग नोंदणी अधिकारी ठेवतो. २०००च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, की त्या आडनावावरून मुलाच्या जन्माची परिस्थिती कळता कामा नये, आणि ते त्या भागातल्या एखाद्या नामांकित घराण्याचंही असता कामा नये. म्हणजे शिक्काही नको आणि खोटी प्रतिष्ठाही नको. आईची ओळख १०० वर्षं कुलूपबंद राहते.

१०० वर्षं म्हणजे त्या मुलाच्या हयातीत नाहीच. यावर एका इटालियन स्त्रीने युरोपियन मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये निकाल इटलीच्या विरोधात गेला. आईच्या गुप्ततेचा आणि मुलाच्या जाणून घेण्याच्या हक्काचा काहीच मेळ घातलेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं. दुसऱ्याच वर्षी इटलीच्या घटना न्यायालयानेही मार्ग मोकळा केला: मूल मोठं झाल्यावर अर्ज करू शकतं, आणि न्यायाधीश गुपचूप आईला विचारू शकतात की अजूनही नाव झाकलेलंच ठेवायचं का. ती नाही म्हणाली तर विषय तिथेच थांबतो. आम्हाला ही तडजोड बरी वाटते, पण ती दोन्ही बाजूंना पुरी पडत नाही, हेही दिसतं. गुप्ततेची खात्री नसेल तर काही बाया रुग्णालयात येणारच नाहीत, आणि ती भीती चाकाइतकीच जुनी आहे.

शेवटी, ज्यांचं आडनाव एस्पोझितो आहे आणि ज्यांना मागे जायचंय त्यांच्यासाठी. नेपल्सच्या राज्यात नागरी जन्मनोंदी १८०९ पासून सुरू होतात, आणि इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांनी 'आन्तेनाती' या संकेतस्थळावर त्या पानापानांच्या छायाचित्रांसह फुकट ठेवल्यात. बापाकडून बापाकडे मागे जात राहायचं. १८०९ च्या आधीचं असेल तर चर्चच्या आणि अन्नुन्झियाताच्या वह्या. असं करत करत बहुतेकांना एक पान लागतं, जिथे आईबापाचे रकाने रिकामे असतात आणि वेळ लिहिलेली असते, उदाहरणार्थ पहाटेचे तीन, आणि खाली, मुलाच्या अंगावर त्या वेळी काय होतं ते.